अंडाशयातील गाठी : घाई नको, हयगयही नको

कन्नड तालुक्यातील पिशोर हे आसपासच्या वाड्या-वस्त्यांचे आणि तांड्यांचे बाजाराचे गाव. मका, कापूस आणि अद्रक ही या परिसरातील पिके. खुरपणी, वेचणी, निवडणी ही या पिकांची कामे बहुतांशी स्त्रियांच्याच हातची. हंगामात मजुरी बुडू नये म्हणून ओटीपोटातील दुखणे अंगावर काढण्याची सवय येथील स्त्रियांना, मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणेच, पिढ्यानुपिढ्या जडलेली आहे. पूर्वी अशा दुखण्याचे कारण शोधण्यासाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागे. आता सोनोग्राफीची सोय तालुक्याच्या ठिकाणापर्यंत येऊन पोहोचली आहे. ही प्रगती निश्चितच स्वागतार्ह होय. परंतु तिच्याबरोबर एक नवी अडचणही घरात आली आहे. तपासणीचा कागद हाती पडतो, त्यावर अंडाशयात 'सिस्ट' म्हणजे गाठ असल्याचे लिहिलेले असते आणि त्या एका शब्दाने सारे घर हादरून जाते.

यानंतर बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. काही घरांतून तो कागद पेटीच्या तळाशी जातो आणि पुढच्या असह्य कळेपर्यंत त्याची आठवण कोणाला होत नाही. काही घरांतून, गाठ म्हणजे कर्करोगच, अशी समजूत होऊन 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' असा निर्णय चार दिवसांत घेतला जातो. पहिल्या मार्गाने क्वचित प्रसंगी जीव धोक्यात येतो. दुसऱ्या मार्गाने तिशीतील स्त्री आयुष्यभराच्या दुखण्याला सामोरी जाते. वस्तुतः अंडाशयातील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात आणि काही आठवड्यांत आपोआप नाहीशा होतात. थोड्या गाठींना मात्र तातडीच्या उपचारांची गरज असते. कोणती गाठ कोणत्या वर्गातील, हे ठरविण्याचे काम डॉक्टरांचे आहे. तथापि, स्त्रीने केव्हा थांबावे, केव्हा धावावे आणि कोणता प्रश्न विचारल्याशिवाय शस्त्रक्रियेला संमती देऊ नये, एवढे ज्ञान गावातील शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने या विषयाची माहिती पुढे दिली आहे.

अंडाशयाचे मासिक कार्य

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय असतो. प्रौढ वयातील अंडाशयाचा आकार साधारणपणे कवचासह असलेल्या बदामाएवढा, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर लांबीचा असतो. मुलीच्या जन्माच्या वेळी तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून १० ते २० लाख बीजे असतात. पाळी सुरू होण्याच्या वयापर्यंत त्यांतील ३ ते ४ लाख उरतात आणि संपूर्ण आयुष्यात केवळ चारशेच्या आसपास बीजे परिपक्व होऊन बाहेर पडतात.

दर महिन्याला काही बीजांभोवती द्रवाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या तयार होतात. त्यांपैकी एक पिशवी वाढत वाढत सुमारे २ सेंटिमीटरची, म्हणजे मोठ्या बोराएवढी होते. पाळीचक्राच्या मध्यावर ती फुटते आणि बीज बीजनलिकेत जाते. मागे राहिलेल्या भागाचे रूपांतर एका पिवळसर ग्रंथीत होते. गर्भ राहिल्यास ही ग्रंथी काही आठवडे गर्भाला आधार देते. न राहिल्यास ती आकसून जाते. याचा अर्थ असा की, पाळी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या अंडाशयात दर महिन्याला एक लहानशी 'पाण्याची गाठ' तयार होते व जिरते. तो रोग नसून निसर्गाचा क्रम आहे. ही एक गोष्ट नीट समजली तरी अर्धे भय कमी होते.

गाठींचे प्रकार

सर्वांत अधिक आढळणाऱ्या गाठी याच नैसर्गिक क्रमातील लहानशा बिघाडातून निर्माण होतात. वाढलेली पिशवी वेळेवर फुटली नाही, अथवा फुटल्यानंतर उरलेल्या ग्रंथीत द्रव किंवा रक्त साठले, तर ती काही काळ फुगून राहते. अशा गाठींना कार्यात्मक गाठी म्हणतात. त्या बहुधा दोन-तीन पाळ्यांच्या काळात जिरतात. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत आढळणारी गाठही बहुतेक वेळा याच प्रकारची असते आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास नाहीशी होते. त्या अवस्थेत घाबरून गर्भपाताचा विचार करणे हे निव्वळ अज्ञान होय.

दुसरा प्रकार डर्मॉइड गाठींचा. तरुण वयात या गाठी बऱ्याच प्रमाणात आढळतात. बीजपेशीपासूनच त्यांची वाढ होत असल्याने त्यांच्यात चरबी, केस, प्रसंगी दातही सापडतात. शस्त्रक्रियेनंतर असे दृश्य पाहून करणी किंवा बाहेरची बाधा यांच्या कथा गावात पसरतात. त्यामागे कोणतेही गूढ नाही. शरीरातील कोणताही अवयव घडविण्याची क्षमता बीजपेशीत असते आणि ती चुकीच्या दिशेने वापरली गेल्याचा हा परिणाम आहे. या गाठी बहुधा साध्या असतात. परंतु आपोआप जिरत नाहीत.

तिसरा प्रकार एंडोमेट्रिओसिस या विकारातून होणाऱ्या गाठींचा. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखे अस्तर अंडाशयावर वाढते, दर पाळीला तेथे रक्तस्राव होतो आणि साचलेले जुने रक्त घट्ट, तपकिरी बनते. म्हणूनच या गाठींना 'चॉकलेट सिस्ट' असे नाव पडले. पाळीच्या वेळी काम सोडून आडवे पडावे लागेल इतक्या वेदना आणि मूल न होणे ही या विकाराची मुख्य लक्षणे. 'लग्न झाले, मूल झाले की थांबेल' असे सांगून अशा मुलीच्या वेदनांची वासलात लावली जाते, ही गोष्ट योग्य नव्हे.

चौथा प्रकार अंडाशयाच्या आवरणातून वाढणाऱ्या गाठींचा. या पाण्यासारख्या पातळ किंवा चिकट द्रवाने भरलेल्या असतात व कधी कधी फार मोठ्या होतात. पोट गर्भारपणासारखे दिसू लागते. अविवाहित मुलीच्या वा विधवेच्या बाबतीत असे घडले की कुजबूज सुरू होते आणि लोकापवादाच्या भीतीने घरचे लोक तिला दवाखान्यातही नेत नाहीत. पोट वाढण्याचे कारण गाठ असू शकते, एवढे वाक्य एखाद्या शिक्षिकेने वा सरपंचाने ठामपणे उच्चारले, तर एका मुलीची अब्रू आणि प्रकृती दोन्ही वाचू शकतात.

याशिवाय जंतुसंसर्गामुळे बीजनलिका व अंडाशय यांच्याभोवती पू साठूनही गाठीसारखा भाग तयार होतो. आपल्या देशात क्षयरोगाचे प्रमाण लक्षात घेता, जननेंद्रियांच्या क्षयाचा विचारही डॉक्टरांना करावा लागतो. या विकारात ओटीपोटात गाठ व पोटात पाणी आढळत असल्याने तो कर्करोगासारखा भासतो; परंतु औषधांनी बरा होतो.

'पीसीओएस'बद्दलचा गैरसमज

अलीकडे शाळा-महाविद्यालयांतील मुलींच्या तोंडी 'पीसीओएस' किंवा 'पीसीओडी' हा शब्द वारंवार ऐकू येतो. या विकारात अंडाशयात अनेक लहान गाठी दिसतात, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या गाठी नसून वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजांच्या पिशव्या असतात. हा मूलतः संप्रेरकांचा व शरीरातील इन्शुलिनच्या कार्याचा विकार आहे. पाळी लांबणे, चेहऱ्यावर राठ केस येणे, मुरुमे, वजन वाढणे ही त्याची लक्षणे. मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींचा अभ्यास करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका निकषानुसार २२.५ टक्के, तर दुसऱ्या, अधिक काटेकोर निकषानुसार १०.७ टक्के मुलींत हा विकार आढळला. निकष बदलला की आकडा निम्म्यावर येतो, यावरून निदान किती जपून करावयास हवे हे स्पष्ट होते.

पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत निरोगी मुलीच्या अंडाशयातही अशा अनेक पिशव्या दिसतात. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. या विकारात 'गाठी काढण्याची' शस्त्रक्रिया हा उपाय नव्हे. वजन जास्त असल्यास ते शेकडा ५ ते १० ने कमी करणे, नियमित व्यायाम, आवश्यक ती औषधे आणि पुढील आयुष्यातील मधुमेहाच्या संभवाकडे लक्ष, हा त्याचा मार्ग. पाळी तीन महिन्यांहून अधिक लांबत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखविणे आवश्यक आहे. कारण गर्भाशयाचे अस्तर दीर्घकाळ साचून राहणे हितावह नसते.

जोखीम कोणाला अधिक ?

साध्या गाठी होण्याची जोखीम मुख्यतः वयावर अवलंबून असते. पाळी चालू आहे तोवर कार्यात्मक गाठी केव्हाही होऊ शकतात. ज्या स्त्रीला पूर्वी अशी गाठ झाली आहे, जी मूल होण्यासाठी बीजवाढीची औषधे घेत आहे, जिला एंडोमेट्रिओसिस आहे, जिच्या थायरॉईड ग्रंथीचे कार्य फार मंदावले आहे, अथवा स्तनाच्या कर्करोगानंतर जी टॅमॉक्सिफेन हे औषध घेत आहे, तिच्यात गाठींचे प्रमाण अधिक आढळते. संप्रेरकयुक्त तांबी बसविलेल्या स्त्रियांतही अशा गाठी दिसतात. परंतु त्या बहुधा आपोआप जातात. अस्वच्छ प्रसूती, असुरक्षित गर्भपात किंवा उपचार न केलेला जंतुसंसर्ग यांमुळे पूयुक्त गाठींची जोखीम वाढते.

गाठ कर्करोगाची असण्याची जोखीम हा वेगळा प्रश्न आहे आणि या दोहोंची गल्लत होऊ देता कामा नये. पाळी चालू असलेल्या स्त्रीची त्रास देणारी गाठ कर्करोगाची असण्याचा संभव हजारात सुमारे एक इतका असतो. पन्नाशीला तो हजारात तीनपर्यंत जातो आणि पाळी गेल्यानंतर वाढत राहतो. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांच्यापैकी कोणाला अंडाशयाचा अथवा तरुण वयात स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर तो आनुवंशिक दोषाचा इशारा समजून डॉक्टरांना आवर्जून सांगावा. उलटपक्षी, बाळंतपणे, स्तनपान आणि संततिनियमनाच्या संयुक्त गोळ्यांचा वापर यांमुळे अंडाशयाच्या कर्करोगाची जोखीम कमी होते. पाळीतील शिवाशीव न पाळल्याने गाठ होते, ही समजूत निराधार आहे.

लक्षणे : थांबण्याची आणि धावण्याची

पुष्कळशा गाठींची कोणतीच लक्षणे नसतात. दुसऱ्या कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत त्या योगायोगाने दिसतात. काही स्त्रियांना ओटीपोटात एका बाजूला जडपणा, मंद दुखणे, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना, वारंवार लघवीस जाणे किंवा पाळीत अनियमितता जाणवते. अशी लक्षणे असल्यास आठ-पंधरा दिवसांत तपासणी करून घ्यावी.

परंतु पुढील लक्षणे दिसल्यास एक तासही दवडू नये. ओटीपोटात एका बाजूला अचानक उठलेली तीव्र कळ आणि तिच्यासोबत मळमळ व उलट्या, हे अंडाशयाला पीळ पडल्याचे चिन्ह असू शकते. गाठीच्या वजनामुळे अंडाशय स्वतःभोवती फिरतो, त्याचा रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांत तो निकामी होतो. वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास पीळ सोडवून अंडाशय वाचविता येतो. पाच सेंटिमीटरहून मोठ्या गाठींत, विशेषतः डर्मॉइड गाठींत, हा धोका अधिक असतो. कळेबरोबर चक्कर, थंड घाम, चेहरा पांढरा पडणे ही लक्षणे असल्यास गाठ फुटून पोटात रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. पाळी चुकली असेल आणि अशीच कळ आली असेल, तर गर्भ बीजनलिकेत राहिला असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. ती तितकीच प्राणघातक अवस्था आहे. तीव्र दुखण्यासह थंडी वाजून ताप येणे हे पू झाल्याचे लक्षण होय.

अशा प्रसंगी पोट चोळून घेणे, गरम विटेने शेकणे अथवा वेदनाशामक गोळी देऊन रात्र काढणे टाळावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जेथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात रुग्णाला न्यावे. पिशोरच्या परिसरातील रुग्णाला प्रथमोपचारानंतर कन्नडला, आणि गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, लोकांच्या तोंडी असलेल्या 'घाटी' रुग्णालयात नेता येते. हे महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले असून मराठवाड्यातील गोरगरीब रुग्णांचा तो मोठा आधार आहे.

पन्नाशीच्या पुढील स्त्रीच्या बाबतीत लक्षणे हळुवार येतात. काही आठवडे सतत पोट फुगल्यासारखे वाटणे, थोडे खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, लघवीची घाई होणे, वजन घटूनही पोट वाढणे, या तक्रारी अपचनाच्या म्हणून सोडून देऊ नयेत. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास, मग तो एक थेंबभर का असेना, तपासणी अटळ समजावी. तसेच लहान मुलीच्या पोटात झपाट्याने वाढणारी गाठ दुर्लक्षिता कामा नये. या वयातील कर्करोगाच्या गाठी वेळीच उपचार केल्यास बहुधा बऱ्या होतात आणि दुसरा अंडाशय व गर्भाशय राखताही येतो.

तपासणीचा अहवाल कसा समजून घ्यावा ?

सोनोग्राफीच्या अहवालातील चार गोष्टी महत्त्वाच्या असतात. पहिली गोष्ट आकार. पाळी चालू असलेल्या स्त्रीतील पाच सेंटिमीटरपर्यंतची, म्हणजे साधारण लिंबाएवढी, पातळ भिंतीची व केवळ पाण्याने भरलेली गाठ बहुधा उपचारांवाचून जिरते. पाच ते सात सेंटिमीटरच्या साध्या गाठीची ठरावीक काळाने पुन्हा तपासणी करतात. त्याहून मोठ्या गाठीसाठी पुढील तपासण्या किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो.

दुसरी गोष्ट गाठीचे स्वरूप. आत केवळ द्रव आहे की घन भाग, जाड पडदे, वाढलेला रक्तप्रवाह अथवा पोटात पाणी आहे, यावर तिची गंभीरता ठरते. तिसरी गोष्ट वय. पाळी गेलेल्या स्त्रीतही लहान व साधी गाठ असल्यास लगेच शस्त्रक्रिया करावीच लागते असे नाही. मात्र तिच्यावर अधिक बारकाईने लक्ष ठेवावे लागते. चौथी गोष्ट तपासणीचा दिवस. पाळीच्या मध्यावर घेतलेल्या चित्रात नैसर्गिक पिशवीही गाठ म्हणून दिसू शकते. म्हणून शेवटच्या पाळीची तारीख डॉक्टरांना सांगावी व तपासणीचे जुने कागद जपून ठेवून प्रत्येक वेळी सोबत न्यावेत. दोन तपासण्यांची तुलना केल्याने जे कळते, ते एका तपासणीतून कळत नाही.

'सीए-१२५' नावाच्या रक्ततपासणीबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचा आकडा कर्करोगात वाढतो हे खरे. परंतु तो एंडोमेट्रिओसिस, क्षयरोग, जंतुसंसर्ग, एवढेच नव्हे तर पाळीच्या दिवसांतही वाढू शकतो. केवळ या आकड्यावरून तरुण स्त्रीला कर्करोग झाल्याचे सांगणे शास्त्रसंमत नाही.

उपचार

साध्या गाठीवर पहिला उपचार म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाट पाहणे. यात हयगय नाही. दोन-तीन महिन्यांनी ठरलेल्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी करणे हा त्याचा अविभाज्य भाग आहे. संततिनियमनाच्या गोळ्यांनी नव्या गाठी होण्याचे प्रमाण घटते. पण असलेली गाठ त्यामुळे लवकर जिरते असे आढळून आलेले नाही. जी गाठ वाढते आहे, सतत दुखते आहे, मोठी आहे किंवा जिचे स्वरूप संशयास्पद आहे, तिच्यासाठी शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. तरुण स्त्रीत शक्यतो केवळ गाठ काढून अंडाशय राखला जातो. अनेकदा हे काम दुर्बिणीद्वारे, लहान छिद्रांतून करता येते. एक अंडाशय काढावा लागला तरी उरलेल्या अंडाशयावर पाळी आणि मातृत्व दोन्ही शक्य असतात.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही उद्बोधक आहे. अमेरिकेतील केंटकी प्रांतात १८०९ साली इफ्रेम मॅकडॉवेल या शल्यविशारदाने जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या अंडाशयातील सुमारे १० किलो वजनाची गाठ काढली. त्या काळी भूल देण्याची विद्या नव्हती. तरीही ती स्त्री वाचली आणि त्यानंतर ३० वर्षांहून अधिक काळ जगली. तेव्हा जे साहस होते, ते आज जिल्ह्याच्या रुग्णालयात होणारे नेहमीचे काम आहे. म्हणून खरोखर गरज असताना शस्त्रक्रियेला भिण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राचे दोन अनुभव

स्त्रीच्या आजाराबद्दलचे मौन किती खोल असते, हे गडचिरोली जिल्ह्यात दिसून आले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते; दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार आढळले. आणि यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. मातामृत्यू व कुटुंबनियोजन यांपलीकडेही ग्रामीण स्त्रीचे आरोग्य असते, याची जाणीव या अभ्यासाने जगाला करून दिली.

दुसरा अनुभव बीड जिल्ह्याचा असून तो अधिक वेदनादायक आहे. येथे मौन संपून स्त्री दवाखान्यात पोहोचली. पण योग्य सल्ल्याऐवजी तिच्या वाट्याला गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया आली. जून २०१९ मध्ये विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार या जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली होती. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्री मजुरांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे दिसून आले. म्हणजे सुमारे दर सहा स्त्रियांमागे एकीचे. अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी, अनियमित पाळी या तक्रारी घेऊन गेलेल्या स्त्रियांना कर्करोगाची भीती घालण्यात आल्याची उदाहरणे पुढे आली. मुकादमाकडून घेतलेली उचल, एका दिवसाच्या खाड्याचा दंड, फडावर पाणी व शौचालयाचा अभाव, या परिस्थितीत 'पाळीच नको' असे त्या स्त्रीलाही वाटावे, यात नवल नाही. कन्नड तालुक्याच्या तांड्यांतूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यामुळे बीडचा धडा पिशोरलाही लागू पडतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. गर्भाशय आणि अंडाशय हे भिन्न अवयव आहेत. अंडाशयातील साध्या गाठीवर गर्भाशय काढणे हा उपचार नव्हे. आणि गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशय काढल्यास पाळी जाण्याची अवस्था त्याच दिवशी येते. अंगातून गरम वाफा येणे, झोप उडणे येथपासून हाडे ठिसूळ होणे व हृदयविकाराचा संभव वाढणे येथपर्यंत त्याचे परिणाम होतात. अंडाशय राखले तरी गर्भाशय काढल्यानंतर पाळी जाण्याची अवस्था लवकर येऊ शकते. जिला पुढील वीस वर्षे उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहावयाच्या आहेत, तिच्या दृष्टीने ठिसूळ हाडे म्हणजे रोजगाराचाच अंत होय.

केंद्र शासनाने २०२२ साली अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ती तीन महिन्यांत अंमलात आणण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. राज्य व जिल्हा पातळीवरील संनियंत्रण समित्या हा या तत्त्वांचा गाभा आहे. परंतु समिती जिल्ह्याला असते आणि संमतीपत्रावरील अंगठा गावातील स्त्रीचा असतो. म्हणून त्या अंगठ्यापूर्वी चार प्रश्न विचारण्याचे धैर्य तिला मिळाले पाहिजे : गाठ किती मोठी व कोणत्या प्रकारची आहे ? वाट पाहिली तर काय होईल ? नेमका कोणता अवयव काढणार आणि अंडाशय राखणार का ? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याइतका अवधी आहे का ? पीळ किंवा रक्तस्राव यांसारखी तातडी नसेल, तर असा अवधी जवळजवळ नेहमीच असतो.

गावाने काय करावे ?

शिक्षकांना या कामी मोठे योगदान देता येईल. इयत्ता दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननसंस्थेचा भाग आहेच. तो 'घरी वाचा' असे सांगून ओलांडू नये. फळ्यावर अंडाशयाचे चित्र काढून मुगाचा दाणा, बोर, लिंबू आणि मोसंबी या वस्तूंच्या साहाय्याने बीजपिशवीची वाढ व गाठीचे आकार सहज समजावता येतात. मुलांनाही हा पाठ मुलींइतकाच आवश्यक आहे; कारण उद्या दवाखान्यात न्यावयाचे की नाही हा निर्णय बहुधा त्यांच्याच हाती असणार. पाळीच्या दिवसांत दर महिन्याला गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या आईशी शिक्षिकेने एकदा बोलावे आणि आरोग्य केंद्रातील किशोरवयीनांच्या समुपदेशन सेवेची माहिती द्यावी.

पंचायत सदस्यांनी गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा. ऊसतोडीला निघण्यापूर्वी व परतल्यावर स्त्री मजुरांची तपासणी व्हावी, यासाठी आरोग्य केंद्राकडे पाठपुरावा करावा. महिला ग्रामसभेत स्त्री वैद्यकीय अधिकारी किंवा परिचारिका यांना बोलवावे. रात्री-अपरात्री रुग्ण हलविण्यासाठी वाहन कोणाकडे मिळेल, याची नोंद पंचायतीच्या कार्यालयात ठेवावी.

आशा स्वयंसेविका, परिचारिका आणि कार्यालयातील कर्मचारी यांनी सोयी-सवलतींची अचूक माहिती द्यावी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतून १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होते, हे तेथील आरोग्यमित्राकडून आधी समजून घ्यावे. कर्करोगाचा संशय असल्यास छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयाची वाट दाखवावी. सावकाराचे कर्ज काढून घाईने शस्त्रक्रिया करण्याची वेळ अज्ञानापोटी कोणावर येऊ नये.

आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकाच्या शिक्षणासाठी सातासमुद्रापार गेल्या, तेव्हा आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे बोलू शकत नाहीत, हेच त्यांनी आपल्या जाण्याचे कारण सांगितले होते. आज स्त्री डॉक्टर आहेत, यंत्रे आहेत, योजनाही आहेत. दुखणे वेळेवर बोलून दाखविणारी स्त्री आणि ते शांतपणे ऐकून घेणारे गाव, या दोन गोष्टी मात्र कोणत्याही योजनेतून मिळत नाहीत; त्या गावालाच घडवाव्या लागतात. पिशोरच्या बाजाराला येणाऱ्या एखाद्या स्त्रीने सोनोग्राफीचा कागद पुढे करून 'यात काय लिहिले आहे, जरा सांगता का ?' असे विचारले, तर तिला घाबरविणारे नव्हे, योग्य ठिकाणी घेऊन जाणारे कोणीतरी त्या बाजारात असावे, एवढी व्यवस्था आपण सर्वांनी मिळून निश्चित करू शकतो.